भिंतीआडचे दर्शन : रक्तवाहिनीच्या अंतरंगातील श्राव्यातीत ध्वनी
(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगी धर्म, दान आणि सेवा या विषयांवर चिंतन होणे स्वाभाविकच होय. आजचा विषय वरकरणी त्यापासून दूरचा वाटेल. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या आत ध्वनीच्या साहाय्याने कसे पाहिले जाते आणि सूक्ष्म बुडबुड्यांच्या मदतीने ते पाहणे अधिक सखोल कसे होते, हा तो विषय. परंतु इतवारी, गांधीबाग आणि सीताबर्डीच्या पेठांत आयुष्य घालविणाऱ्या समाजाला हा विषय परका नाही. उठावण्याच्या बैठकीत दोन वाक्ये वारंवार कानावर पडतात. पहिले, "शुद्ध शाकाहारी माणूस, कसले व्यसन नाही, याला हृदयविकार झालाच कसा?" दुसरे, "सहा महिन्यांपूर्वीच अँजिओग्राफी केली होती, रिपोर्ट चांगला होता, मग हे अचानक कसे घडले?" या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी दडलेली आहेत, ते ठिकाण म्हणजे धमनीची भिंत. म्हणून आजचे हे विवेचन.

वाट दिसते, भिंत दिसत नाही

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांची जाडी साधारणतः दोन ते चार मिलिमीटर असते. या धमन्यांचे चित्र घेण्याची पद्धत १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून जवळजवळ अपघातानेच सुरू झाली. महाधमनीत सोडावयाचे रंगद्रव्य नळीचे टोक सरकल्यामुळे थेट हृदयधमनीत गेले आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर त्या धमनीचे स्पष्ट चित्र उमटले. आजची अँजिओग्राफी ती हीच. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या तपासणीने असंख्य प्राण वाचविले आहेत, याबद्दल दुमत नाही.

तथापि अँजिओग्राफी नेमके काय दाखविते, हे समजून घेतले पाहिजे. ती धमनी दाखवीत नाही. धमनीतून वाहणाऱ्या रंगद्रव्याची छाया दाखविते. म्हणजे आतली मोकळी वाट दिसते, त्या वाटेभोवतीची भिंत दिसत नाही. वाट अरुंद झाली तर ते कळते. परंतु भिंतीच्या आत मेदाचा थर साचत असेल आणि वाट अद्याप मोकळी असेल, तर छायाचित्रात काहीच दिसत नाही.

असे खरोखर घडते काय? १९८७ साली शिकागोचे डॉ. सिमोर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयधमन्यांचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. भिंतीत मेद साचू लागला की धमनी सुरुवातीस बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट टिकवून धरते. मेदाच्या थराने धमनीच्या आतील क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के जागा व्यापली जाईपर्यंत वाट अरुंद होत नाही. शरीर जणू आपले नुकसान झाकून ठेवते. व्यापारी मंडळींना हे चटकन उमगेल. रोकड रोज जुळते, गिऱ्हाइकी चालू असते, देणी वेळेवर जातात. पण गोदामात न खपणारा माल वर्षानुवर्षे साचत असतो. रोकडवहीत तो दिसत नाही. तो दिसतो ताळेबंदात, आणि तोही कोणी गोदामात उतरून प्रत्यक्ष मोजदाद केली तरच.

ध्वनीचे डोळे

गोदामात उतरून मोजदाद करण्याचे हे काम श्राव्यातीत ध्वनी करतो. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत, ज्याला बोलीत अल्ट्रासाउंड म्हणतात. पोटाच्या सोनोग्राफीत सेकंदाला काही दशलक्ष कंपने असलेला ध्वनी वापरतात. तो शरीरात शिरतो, निरनिराळ्या थरांवर आदळून परततो, आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून संगणक चित्र रेखाटतो.

या शास्त्राशी नागपूरचाही एक दूरचा ऋणानुबंध आहे. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे तरुणपणी सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते आणि १९१० साली त्यांची नेमणूक काही काळ नागपुरात झाली होती. दिवसा सरकारी हिशेब आणि उरलेल्या वेळात ध्वनिशास्त्राचा अभ्यास, असा त्यांच्या नोकरीच्या वर्षांतील परिपाठ होता. त्याच रामन यांनी १९३५ पासून नागेंद्र नाथ यांच्यासह श्राव्यातीत ध्वनिलहरींमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते याचा सिद्धान्त मांडला. तो रामन-नाथ सिद्धान्त म्हणून जगभर शिकविला जातो. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसाने विज्ञानाकडे पाहू नये असे थोडेच आहे!

ध्वनीचा उगम शरीराबाहेर न ठेवता थेट धमनीत न्यावा, ही कल्पना हॉलंडमधील रॉटरडॅम येथील संशोधक निकोलास बॉम यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रत्यक्षात आणली. त्यांनी नळीच्या टोकावर ३२ सूक्ष्म घटक बसवून हृदयाच्या आतून चित्र घेण्याचा मार्ग दाखविला. हृदयधमनीत जाईल इतकी बारीक नळी तयार होण्यास १९८० चे दशक उजाडले. त्या कामात अमेरिकेतील डॉ. पॉल यॉक यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आजची ही नळी सुमारे एक मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोकावरील घटक सेकंदाला २ ते ६ कोटी कंपनांचा ध्वनी सोडतो. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून ती हृदयधमनीत नेतात आणि अगदी सावकाश, बहुधा सेकंदाला अर्धा मिलिमीटर या गतीने, मागे ओढतात. संत्रे आडवे कापल्यावर जशी साल, पांढरा पापुद्रा आणि फोडी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, तसा धमनीचा आडवा छेद पडद्यावर दिसतो. मधली वाट दिसते, भिंतीचे स्तर दिसतात आणि त्यांत साचलेला मेदही दिसतो. वैद्यकीय परिभाषेत या तपासणीस आयव्हस म्हणतात.

या तपासणीने वैद्यकशास्त्राचे डोळे उघडले. क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयप्रत्यारोपण झालेल्या २६२ रुग्णांमध्ये आयव्हस केले होते. पाहिलेल्या धमन्या अर्थातच दात्यांच्या, म्हणजे आजारी नसलेल्या व्यक्तींच्या होत्या. वीस वर्षांखालील दात्यांपैकी १७ टक्के दात्यांच्या धमन्यांत मेदाचे थर आढळले. पन्नाशी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के होते. हृदयविकार पन्नाशीत सुरू होत नाही. पन्नाशीत तो प्रकट होतो. त्याची पेरणी शाळा-कॉलेजच्या वयात झालेली असते.

दुसरा मोठा अभ्यास प्रॉस्पेक्ट या नावाने २०११ साली प्रसिद्ध झाला. तीव्र हृदयविकारावर उपचार झालेल्या ६९७ रुग्णांच्या तिन्ही प्रमुख धमन्या आयव्हसने तपासून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. तीन वर्षांत सुमारे २० टक्के रुग्णांना पुन्हा हृदयाचा त्रास झाला. त्यांपैकी जवळपास निम्मे प्रसंग स्टेंट घातलेल्या जागी घडले आणि निम्मे पूर्वी हात न लावलेल्या जागी. या हात न लावलेल्या जागांचा पहिल्या अँजिओग्राफीतील अरुंदपणा सरासरी अवघा ३२ टक्के होता. म्हणजे ज्या जागा त्या वेळी किरकोळ वाटल्या, त्यांतील काही पुढे घातक ठरल्या. "रिपोर्ट चांगला होता, मग हे कसे घडले?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त वाटेबद्दल बोलत होता, भिंतीबद्दल नव्हे.

बुडबुड्यांची साक्ष

आता एक पायरी आणखी आत जाऊ. मेदाचा प्रत्येक थर सारखाच धोकादायक नसतो. काही थर वर्षानुवर्षे शांत राहतात. काहींवरचे पातळ आवरण एके दिवशी फाटते, आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो, रक्ताची गाठ तयार होते आणि क्षणार्धात धमनी बंद पडते. भारतात जन्मलेल्या आणि दिल्लीत वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत नावारूपास आलेल्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. रेणू विरमाणी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो धमन्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. फाटलेल्या आवरणाची जाडी बहुधा ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एखाद्या केसापेक्षाही कमी असते, हे त्यांनीच दाखवून दिले. आयव्हसला इतके पातळ आवरण स्वतंत्रपणे दिसत नाही. त्याची नजर सुमारे १०० मायक्रॉनच्या खाली पोहोचत नाही. मग धोकादायक थर ओळखावा कसा?

येथे निसर्गाची एक अद्भुत रचना मदतीस येते. रक्तवाहिनीच्या भिंतीलाही जगण्यासाठी रक्त लागते. ते पुरविण्यासाठी भिंतीच्या बाहेरच्या स्तरात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. लॅटिनमध्ये त्यांना वासा वासोरम, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या रक्तवाहिन्या म्हणतात. मेदाचा थर जाड होत गेला की त्याच्या पोटापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. मग या सूक्ष्म वाहिन्यांना नवे फुटवे येतात आणि ते थरात शिरतात. हे फुटवे कच्चे असतात, त्यांतून रक्त झिरपते. डॉ. विरमाणी यांच्या गटाने २००३ साली असे दाखविले की झिरपलेल्या रक्तपेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल थराच्या गाभ्यात भर घालते आणि दाह वाढवते. थोडक्यात, ज्या थरात अशा वाहिन्यांचे जाळे दाट, तो थर अस्थिर असण्याची शक्यता अधिक. तेव्हा हे जाळे जिवंत माणसात पाहता आले, तर धोक्याची सूचना आधीच मिळू शकेल.

ते पाहण्यासाठी बुडबुडे लागतात. १९६८ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. रेमंड ग्रॅमियाक आणि भारतीय वंशाचे डॉ. प्रवीण शाह यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. महाधमनीच्या मुळाशी रंगद्रव्य टोचत असताना अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर प्रतिध्वनींचा दाट ढग उमटला. त्याचे कारण रंग नव्हे, तर टोचताना तयार झालेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे होते. द्रवात असलेला वायूचा बुडबुडा ध्वनीला अतिशय जोराने परत फेकतो. शिवाय ध्वनीच्या तालावर तो स्वतः आकुंचन-प्रसरण पावतो आणि आपला वेगळा सूर उमटवितो. त्यामुळे गर्दीतूनही तो ओळखता येतो.

आज हे बुडबुडे कारखान्यात तयार होतात. त्यांचा आकार एक ते दहा मायक्रॉन, म्हणजे बहुतांश तांबड्या रक्तपेशीहून लहान. आत जड आणि निरुपद्रवी वायू, बाहेर मेदद्रव्यांचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच. जेथे रक्तपेशी जाते तेथे बुडबुडाही जातो आणि जेथे रक्त नाही तेथे तो पोहोचत नाही. काही मिनिटांत तो विरतो आणि वायू श्वासावाटे बाहेर पडतो. अँजिओग्राफीच्या आयोडीनयुक्त रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर जो भार पडतो तो येथे नसतो. क्वचित काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून देखरेख मात्र आवश्यकच असते. हृदयाच्या आणि यकृताच्या बाहेरून केलेल्या सोनोग्राफीत हे द्रव्य आज अनेक देशांत नियमित वापरले जाते.

धमनीच्या आत त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न २००० नंतरच्या दशकात जोमाने झाले. अमेरिकेतील डॉ. मोर्तेझा नघावी, डॉ. स्तेफान कार्लिए आणि संगणकशास्त्रज्ञ योआनिस काकादियारिस यांच्या गटाने एक सरळ युक्ती वापरली. आयव्हसची नळी धमनीत एकाच जागी स्थिर ठेवायची. बुडबुडे टोचण्यापूर्वी, टोचताना आणि टोचल्यानंतर चित्रे घ्यायची. मग संगणकाने आधीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करायचे. भिंतीत ज्या ठिकाणी उजळपणा वाढला, त्या ठिकाणी सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त पोहोचते आहे. आरंभीच्या शिलकेची आणि अखेरच्या शिलकेची वजाबाकी करून मधला व्यवहार शोधण्यासारखेच हे. ग्रीसमधील अथेन्सच्या डॉक्टरांनीही याच मार्गाने रुग्णांचा अभ्यास केला.

अडचणी मात्र लहान नाहीत. हृदय धडधडत असते, श्वासाबरोबर नळी हलते, आणि थोड्याशा हालचालीनेही वजाबाकी चुकते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. बाजारात मिळणारे बुडबुडे सेकंदाला साधारण १० ते १०० लाख कंपनांच्या ध्वनीला उत्तम साद देतात; आयव्हसचा ध्वनी २ ते ६ कोटींचा. दोघांचा सूरच जुळत नाही. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २ कोटी कंपनांचा ध्वनी पाठवून त्याच्या दुप्पट कंपनांचा, केवळ बुडबुड्याकडून येणारा स्वर ऐकण्याचा प्रयोग केला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी एकाच नळीत कमी कंपनांचा ध्वनी सोडणारा व अधिक कंपनांचा ऐकणारा असे दोन घटक बसविले. प्रयोग यशस्वी झाले. तरीही बुडबुड्यांसह धमनीच्या आतून चित्र घेण्याची ही पद्धत आजही संशोधनाच्या पातळीवरच आहे. ती कोणत्याही रुग्णालयातील नित्याची तपासणी नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नुसते आयव्हस मात्र नित्य वापरात आहे आणि गुंतागुंतीच्या जागी स्टेंट बसविताना ते वापरावे, असा युरोपच्या २०२४ च्या व अमेरिकेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांचा स्पष्ट आग्रह आहे.

अनेकांताची दृष्टी

या सर्व इतिहासातून जैन श्रोत्याला एक ओळखीचा स्वर ऐकू येईल. अँजिओग्राफी म्हणते, वाट मोकळी आहे. आयव्हस म्हणते, भिंतीत थर आहे. बुडबुडे म्हणतात, थरात जिवंत जाळे आहे. तिन्ही विधाने खरी आहेत. प्रत्येक आपापल्या अपेक्षेने खरे आहे. एका नयाने पाहिलेले सत्य हे संपूर्ण सत्य मानले की तेथे एकान्त झाला. रिपोर्टवरील 'सामान्य' या शब्दाआधी वाचकाने मनातल्या मनात 'स्यात्' हा शब्द जोडला, तर निष्काळजीपणाही टळेल आणि घबराटही टळेल. कापडाचा जाणकार ताग्याची वरची घडी पाहून सौदा करीत नाही, तो आतली घडी उलगडतो. परंतु प्रत्येक तागा शेवटपर्यंत उलगडत बसला तर दुकान चालणार नाही, हेही तो जाणतो.

म्हणून दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हे सर्व ऐकून निरोगी माणसाने धमनीत नळी घालून घेण्यासाठी धावावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. नळी घालण्यातही काही जोखीम असते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट या अभ्यासात, वाट फारशी अडवीत नसलेल्या पण अस्थिर दिसणाऱ्या थरांवर आधीच स्टेंट घालून पाहण्यात आले. सहभागी रुग्ण १,६०६ होते. दोन वर्षांत गंभीर प्रसंगांचे प्रमाण स्टेंट व औषधे घेणाऱ्यांत ०.४ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत ३.४ टक्के आढळले. फरक दिसला हे खरे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की केवळ औषधांवर राहिलेल्या १०० पैकी ९६ हून अधिक रुग्ण या काळात सुखरूप राहिले.

औषध भिंतीपर्यंत पोहोचते, हेही आयव्हसनेच सिद्ध केले. २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्लीव्हलँडचे डॉ. स्टीव्हन निसेन यांनी दोन वर्षे रोसुव्हास्टॅटिन हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या धमन्या आयव्हसने मोजल्या. घातक कोलेस्टेरॉल सरासरी १३० वरून सुमारे ६१ वर आले आणि साचलेला थर वाढण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने घटला. एक टक्का हा आकडा लहान वाटेल. परंतु वर्षानुवर्षे चढत गेलेले कर्ज प्रथमच उतरू लागले, याचे मोल हिशेब जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही.

अहिंसेचे प्रश्न

जैन कुटुंबातील रुग्णाच्या मनात येथे काही प्रश्न उभे राहतात आणि ते लाजेने विचारले जात नाहीत. ते मोकळेपणाने मांडले पाहिजेत. बुडबुड्यांचे कवच कशाचे? काही द्रव्यांत ते कृत्रिम रीतीने तयार केलेल्या मेदद्रव्यांचे असते, तर एका प्रचलित द्रव्यात मानवी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन वापरलेले असते. अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते डुकराच्या आतड्यापासून काढले जाते. अनेक कॅप्सूलची कवचे जिलेटिनची असतात. या तपासण्या सिद्ध होण्यापूर्वी सशांसारख्या मुक्या जीवांवर प्रयोग झाले आहेत.

यावर धर्माचा निर्णय देणे हे अशा भाषणाचे काम नव्हे. त्यासाठी पूज्य गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. व्यवहाराच्या पातळीवर मात्र दोन गोष्टी सांगता येतात. एक, नियोजित उपचार असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. काही ठिकाणी पर्याय उपलब्ध असतात. हेपॅरिनऐवजी काही रुग्णांत बायव्हॅलिरुडिन हे कृत्रिम औषध देता येते, गोळीच्या रूपात मिळणारे औषध कॅप्सूलऐवजी घेता येते. दोन, झटका आलेल्या क्षणी हा विचार करीत वेळ दवडणे म्हणजे आपल्याच जीवाची हिंसा होय. खरी अहिंसा त्याच्या फार आधी सुरू होते. ज्या रोगाच्या उपचारात इतक्या जीवांना क्लेश होतो, तो रोग जेवढा टाळता येईल तेवढा टाळणे, हीच त्या जीवांप्रति कृतज्ञता.

तपश्चर्येच्या संदर्भातही एक सावधगिरी हवी. स्टेंट बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ राखणाऱ्या गोळ्या ठरावीक मुदतीपर्यंत अखंड घ्याव्या लागतात. पर्युषणात अठ्ठाई करण्याच्या उत्साहात त्या आपल्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गाठ होऊन प्राण धोक्यात येऊ शकतो. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनाही उपवासात साखर एकदम उतरण्याची भीती असते. चौविहार करणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवून घेण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. बहुतेक वेळा मार्ग निघतो. शक्ती पाहून तप करावे, असे शास्त्रही सांगते.

नागपूरने दिलेला इशारा

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. शाकाहारी माणसाला हृदयविकार कसा? याचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. जगातील ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातील दक्षिण आशियाच्या माहितीचे विश्लेषण २००७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे प्रथम लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षी, असे त्यात आढळले. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे आधी. ज्या वयात मुलगा नुकता दुकानावर बसू लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, त्या वयात.

या अभ्यासात हृदयविकार न झालेल्या तुलना-गटाच्या सवयीही पाहिल्या गेल्या. फावल्या वेळात नियमित व्यायाम करणारे दक्षिण आशियात ६.१ टक्के, इतरत्र २१.६ टक्के. रोज फळे व भाज्या खाणारे दक्षिण आशियात २६.५ टक्के, इतरत्र ४५.२ टक्के. मांस न खाणे म्हणजे फळे-भाज्या खाणे नव्हे, हे या आकड्यांजवळ थांबून ध्यानात घेतले पाहिजे. कचोरी, फरसाण, तुपात न्हालेली मिठाई आणि दिवसभराचे गोड चहा हेही शाकाहारच असतात. त्यात भर पडते ती गादीवर बारा-बारा तास बसून राहण्याची. विदर्भाच्या पेठांत तरुणांच्या गालात दिसणारा खर्रा हा त्याहून घातक आहे. मद्य-मांसापासून दूर राहिलेल्या कुळात तंबाखू मागच्या दाराने शिरली आहे, हे कबूल करण्यास समाजाने संकोच करू नये.

याउलट परंपरेने जे दिले आहे ते किती मोलाचे आहे पाहा. उणोदरी म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळलेले पदार्थ या सहा विगयींवर मर्यादा. आयंबिल, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, मनाला स्थिर करणारे ४८ मिनिटांचे सामायिक. साधु-साध्वींचा अखंड पायी विहार तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ही तपे कर्मनिर्जरेसाठी सांगितली आहेत, धमनीसाठी नव्हे. परंतु जो ती श्रद्धेने पाळतो त्याच्या धमनीची भिंतही निर्मळ राहण्यास साहाय्य होते. खेद एवढाच की नियम पर्युषणाच्या आठ दिवसांत पाळायचे आणि पारण्याच्या दिवशी सारे व्याजासह वसूल करायचे, अशी रीत पडत चालली आहे.

संस्थेपुढील कार्य

सुवर्ण महोत्सवी वर्षात संस्थेने आरोग्यासाठी काय करावे, याचा विचार होणारच आहे. मोठे यंत्र, त्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी, ही कल्पना मनाला सुखावते. परंतु आजच्या विवेचनाचा निष्कर्ष वेगळा आहे. धमनीची भिंत पाहणारे यंत्र रुग्णालयाने घ्यावे. धमनीची भिंत राखण्याचे काम समाजाने करावे. त्यासाठी लागते ते थोडे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची वर्षातून एकदा तपासणी. ज्या कुटुंबात अकाली हृदयविकार झाला आहे त्यांची स्वतंत्र नोंद. गरजू रुग्णांना स्टॅटिन व रक्तदाबाच्या गोळ्या अखंड मिळाव्यात म्हणून औषधनिधी. पाठशाळेत तंबाखूमुक्तीचा नियम. आणि स्वामीवात्सल्याच्या पंगतीत एक तळलेला पदार्थ कमी करून एक फळ. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली तेव्हा सर्वांना आनंद झाला. पण स्टेंटची गरजच पडू नये, यासाठी लागणारा खर्च त्याहून कितीतरी कमी आहे.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, असे काही जाणवले तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन दुकानातच बसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. मागील महिन्याचा चांगला रिपोर्ट खिशात असला तरीही. त्या रिपोर्टने वाट पाहिली होती, भिंत नव्हे.

डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे जैन दर्शनाने कधी मानले नाही. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव आहेत या श्रद्धेने पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला, न दिसणाऱ्या धोक्याची जाणीव ठेवणे कठीण जाऊ नये. तेवढाच विवेक स्वतःच्या धमनीविषयी बाळगला, तर पुढील पन्नास वर्षांत उठावण्याच्या बैठकीतील ते दोन प्रश्न विरळ होतील. सुवर्ण महोत्सवाचे याहून सुंदर फलित दुसरे नसेल.

या विवेचनात काही अधिक-उणे बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.